वाचकांचे प्रश्न : अदलाबदलीत खेळाडू कितीला पडतो?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये जुलैअखेर होणाऱ्या खेळाडूंच्या अदलाबदलीवर गेल्या अंकात एक छोटे टिपण आले होते. त्यावर विदर्भातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत.

आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल असे दोन्ही संघ आहेत. पहाटे मोबाइलवर अमेरिकेतील सामने पाहणारी मुले मला विचारतात, की अमुक संघाने तमुक खेळाडू घ्यावा की नाही. ते कशावरून ठरवावे? आमच्याकडे ऐन डवरणीत जोडीतला बैल अडला, तर शेतकरी होतकरू गोऱ्हा देऊन कामाचा बैल घेतो. हा हिशेब तसाच आहे काय? — एक क्रीडाशिक्षक, दर्यापूर तालुका (जि. अमरावती)

बराचसा तसाच आहे, पण एका जागी तो अगदी वेगळा पडतो. आपण घेतलेला बैल हंगाम सरल्यावरही आपल्याच गोठ्यात राहतो. बेसबॉलमध्ये घेतलेल्या खेळाडूचा करार त्या वर्षी संपत असेल, तर हिवाळ्यात तो मोकळा होतो आणि वाटेल त्या संघाकडे जाऊ शकतो. त्यामुळे मुलांना सर्वांत आधी हे शोधायला सांगावे, की तो खेळाडू आपल्याकडे किती काळ राहणार आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क असतो. पहिली तीनेक वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो आणि त्यानंतर वेतनावर एकमत झाले नाही, तर प्रकरण लवादापुढे जाते. साहजिकच ज्याची पाच वर्षे शिल्लक आहेत असा स्वस्तातला तरुण खेळाडू देऊन दोन महिन्यांचा नामवंत खेळाडू घेणे हा फार महाग सौदा असतो. तो कधी परवडतो, हाच खरा विचाराचा भाग आहे.

तो परवडणे गुणतालिकेतील संघाच्या जागेवर अवलंबून असते. हंगामात १६२ सामने असतात आणि जुलैअखेर त्यांतील साधारण एक तृतीयांश उरलेले असतात. अव्वल दर्जाचा फलंदाजही सामान्य राखीव खेळाडूच्या तुलनेत अख्ख्या हंगामात सहा-आठ विजयांची भर घालतो, म्हणजे दोन महिन्यांत त्याच्याकडून दोन-अडीच विजयांहून अधिकाची अपेक्षा धरता येत नाही. ३० संघांपैकी १२ संघ बाद फेरीत जातात. जो संघ दहा विजयांनी मागे आहे, त्याला या दोन विजयांचा काहीच उपयोग नाही. जो एका विजयाने मागे आहे, त्याचे सगळे वर्ष त्या दोन विजयांवर तरू शकते. एकच खेळाडू एकाच दिवशी दोन संघांना वेगवेगळ्या किमतीला पडतो तो असा, आणि म्हणूनच अशा व्यवहारात दोन्ही बाजू समाधानी असू शकतात.

यानंतर संघातील उणीव पाहावी. पहिल्या बेसवर चांगला खेळाडू असताना दुसरा आणून बाकावर बसवण्यात अर्थ नाही. शिवाय बाद फेरीत सामन्यांमध्ये विश्रांतीचे दिवस असतात, मोजक्याच पिचरांवर (चेंडू टाकणाऱ्यांवर) काम भागते, आणि त्यामुळे उत्तम पिचरचे वजन एरवीपेक्षा वाढते.

मुलांना दोन जुने व्यवहार शेजारी-शेजारी ठेवून दाखवावेत. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने अटलांटा ब्रेव्ह्जकडून ३६ वर्षांचा पिचर डॉइल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ हा वीस वर्षांचा पिचर दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याने जेमतेम दीड धाव दिली. डेट्रॉइटने आपला गट अवघ्या दोन विजयांच्या फरकाने जिंकला. पुढे स्मोल्ट्झने अटलांटासाठी दोनशेहून अधिक सामने जिंकले आणि २०१५ मध्ये त्याला बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीत, हॉल ऑफ फेममध्ये, स्थान मिळाले, म्हणून हा व्यवहार फसलेल्या व्यवहारांच्या यादीत टाकला जातो. मला ते मान्य नाही. अलेक्झांडर नसता, तर त्या वर्षी डेट्रॉइटच्या हाती गट लागला नसता. किंमत फार मोठी होती, पण ज्यासाठी ती मोजली ते मिळाले.

ऑगस्ट १९९० मध्ये बोस्टन रेड सॉक्सने ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन हा रिलीफ पिचर घेतला आणि जेफ बॅगवेल हा तरुण फलंदाज दिला, तो व्यवहार मात्र मी चुकीचाच मानतो. रिलीफ पिचर सामन्यात एखाद-दुसरी इनिंग टाकतो आणि महिन्याभरात त्याच्याकडून होऊन होऊन किती होणार, हे त्या दिवशीही कळण्यासारखे होते. अँडरसनने आपले काम चोख केले, बोस्टनने गटही जिंकला, आणि हंगाम संपताच तो दुसऱ्या संघाकडे निघून गेला. बॅगवेलने ह्यूस्टनकडून ४४९ होमरन (चेंडू सीमेपार पाठवणारे फटके) मारले. बॅगवेल एवढा मोठा होईल हे बोस्टनला ठाऊक असायला हवे होते, असे मी म्हणत नाही. एका महिन्याच्या रिलीफ पिचरसाठी चांगला तरुण फलंदाज द्यायचा नसतो, एवढे मात्र ठाऊक असायला हवे होते.

हुआन सोटो दोनदा अदलाबदलीत गेला. त्यात अखेर फायदा कोणाचा झाला? — महाविद्यालयीन विद्यार्थी, पुसद (जि. यवतमाळ)

हे प्रकरण सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण एकाच खेळाडूची किंमत काळानुसार कशी उतरते ते यात स्वच्छ दिसते. २०२२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन नॅशनल्सने सोटोपुढे १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरचा करार ठेवला आणि त्याने तो नाकारला. तेव्हा हा फलंदाज २३ वर्षांचा होता आणि तो हंगाम धरून तीन हंगामांची बाद फेरी त्याच्या हक्कासोबत मिळत होती. सॅन डिएगो पॅड्रेसने त्याला आणि जॉश बेलला घेतले, बदल्यात सी. जे. अब्राम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल, हार्लिन सुसाना हे तरुण खेळाडू आणि ल्यूक व्हॉइट दिले. त्या वर्षी सॅन डिएगोने बलाढ्य लॉस एंजेलिस डॉजर्सला बाद फेरीत हरवून नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीच्या) अंतिम मालिकेपर्यंत मजल मारली, पण २०२३ मध्ये ८२ विजयांवर थांबून तो संघ बाद फेरीलाही मुकला.

त्यानंतर सॅन डिएगोने जे केले ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. सोटोच्या हक्काचे एकच वर्ष उरले असताना, डिसेंबर २०२३ मध्ये, त्याला ट्रेंट ग्रिशमसह न्यूयॉर्क यँकीजला देऊन त्यांनी पिचर मायकेल किंग, कॅचर काइल हिगाशिओका आणि आणखी तीन तरुण पिचर मिळवले. त्या तिघांपैकी ड्रू थॉर्पला काही महिन्यांतच पुढे करून शिकागो व्हाइट सॉक्सकडून डिलन सीझ घेतला. किंगने २०२४ मध्ये दर नऊ इनिंगमागे तीनपेक्षा कमी धावा दिल्या, सीझने जुलैमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) न देता संपूर्ण सामना टाकला, आणि सोटो नसताना संघाचे विजय ८२ वरून ९३ वर गेले. इकडे यँकीजनाही हवे ते मिळाले. सोटोने ४१ होमरन मारले, क्लीव्हलँडविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये तीन धावांचा होमरन मारून संघाला २००९ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, नेले, आणि हंगाम संपल्यावर १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार करून तो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला.

वॉशिंग्टनचा अब्राम्स २०२४ मध्ये ऑल-स्टार (हंगामातील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) ठरला, गोर आणि वुड २०२५ मध्ये ठरले. तरीही खेळाडूंचा हिशेब चांगला दिसतो म्हणून वॉशिंग्टन जिंकला असे मी म्हणणार नाही, कारण त्या काळात तो संघ तळाच्या बाजूलाच राहिला. आपल्या प्रश्नाला एका नावात उत्तर द्यायचे, तर मी सॅन डिएगोचे नाव घेईन.

विदर्भाच्या रणजी संघात बाहेरून आलेले खेळाडू असतात. तोही प्रकार हाच समजावा का? — एक वाचक, उमरेड (जि. नागपूर)

नाही, कारण त्या बदल्यात विदर्भाला कोणताही खेळाडू द्यावा लागत नाही. वसीम जाफर मुंबईकडून आला आणि त्याने २०१८-१९ च्या रणजी हंगामात हजारावर धावा केल्या. करुण नायर कर्नाटकातून आला आणि २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या. दोन्ही वर्षी करंडक विदर्भाकडे आला. येथे मोजली जाणारी किंमत एकच, ती म्हणजे संघातील एका स्थानिक मुलाची जागा. ती किंमत लहान नाही, पण जाफरसोबत खेळून विदर्भाची मुले जे शिकली, ते पाहता ती वाजवी होती असे माझे मत आहे. अदलाबदलीशी जुळणारे उदाहरण आयपीएलमध्ये सापडेल: २००९ मध्ये झहीर खान बंगळूरहून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बंगळूरकडे गेला.

खेळाडूला न विचारता त्याला दुसऱ्या गावी पाठवणे मला पटत नाही. त्याला काहीच म्हणता येत नाही का? — निवृत्त शिक्षिका, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

ताई, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो घेऊन एक खेळाडू न्यायालयात गेलेला आहे. कर्ट फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटरफिल्डर. बारा हंगाम तेथे खेळल्यावर १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले, तेव्हा आपण विकण्या-घेण्याची वस्तू नाही असे बेसबॉल आयुक्तांना पत्राने कळवून त्याने जाण्यास नकार दिला. १९७० चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला आणि त्याची कारकीर्दही तोवर संपली होती. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न मिटला नाही. ज्याची मेजर लीगमध्ये दहा वर्षे झाली आहेत आणि त्यांपैकी शेवटची सलग पाच एकाच संघात गेली आहेत, त्याला अदलाबदल नाकारण्याचा हक्क पुढे मिळाला, आणि १९७३ मध्ये शिकागो कब्सच्या रॉन सँटोने तो पहिल्यांदा वापरला. काही मोठे खेळाडू तशी अट करारातच घालून घेतात.

बाकीच्यांना मात्र आजही जावेच लागते. २९ जुलै २०१५ रोजी मेट्सचा विल्मर फ्लोरेस मैदानात शॉर्टस्टॉपच्या जागी उभा असताना त्याला दुसऱ्या संघाला दिल्याची बातमी प्रेक्षकांच्या मोबाइलवर पोहोचली, त्यांच्याकडून ती त्याच्या कानावर गेली, आणि तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत खेळत राहिला. व्हेनेझुएलातून सोळाव्या वर्षी मेट्सकडे आलेल्या या मुलाला दुसरा संघ माहीतच नव्हता. तो व्यवहार शेवटच्या क्षणी मोडला. दोन दिवसांनी बाराव्या इनिंगमध्ये त्याने विजयी होमरन मारला आणि होम प्लेटकडे येताना छातीवरचे संघाचे नाव मुठीत धरले. त्याच दिवशी मेट्सने डेट्रॉइटकडून योएनिस सेस्पेडेस घेतला आणि दोघांसह तो संघ त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. संघात रुळलेल्या खेळाडूची किंमत कागदावर पूर्ण उतरत नाही, आणि ज्या व्यवस्थापकांना ती दिसते त्यांच्यावर माझा अधिक विश्वास आहे.

नुसते पैसे देऊन खेळाडू घेता येतो का? — एक वाचक, कारंजा (जि. वाशीम)

किरकोळ व्यवहारांत येतो. अदलाबदलीतील एखाद्याच्या वेतनाचा भाग जुना संघ रोखीने भरतो, असेही नेहमी घडते. मोठा खेळाडू उघडपणे विकणे मात्र चालत नाही. १९७६ मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी जो रूडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाख डॉलरला बोस्टनला, आणि व्हिडा ब्लू याला १५ लाखांना यँकीजना विकले होते. आयुक्त बोवी कून यांनी खेळाच्या हिताचे कारण देऊन तिन्ही विक्रीव्यवहार रद्द केले आणि फिनली न्यायालयातही हरले. मोठी रोख रक्कम असलेल्या व्यवहाराला आजही आयुक्तांची मंजुरी लागते.