आधी वर्गात जाऊन बस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेने जिन्याखालची खोली दिली, मुलं एकेक करून तुझ्याकडे येतात, छान करतात आणि वर्गात गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे लिहिणं, बसणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत यासाठी मदत करताना, शाळेतली माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली.

जरा हिशोब मांड. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास अध्यापन धरलं आहे. एका मुलासाठीचे तुझे आठवड्याचे दोन अर्धे तास वर्षभरात फार तर चाळीस तास भरतील. बाकीचा सगळा वेळ मूल बाईंसमोर असतं, आणि तू खोलीत काय करतेस हे बाईंना माहीतच नसतं.

माझ्याकडे दुसरीतला एक मुलगा यायचा. अक्षर गिचमिड, वही कायम अर्धवट. मी चिमटे, मणी, मातीचे गोळे, सगळं केलं. माझ्यासमोर तो बरं लिहायचा. शेवटी एकदा त्याच्या वर्गात मागे जाऊन बसले. बाक मोठ्या मुलांच्या मापाचा. त्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते, आणि तोल सावरायला डावा हात बाकाची कड धरून. मग वही कोण धरणार? मावशींनी पोषण आहाराच्या खोलीतून एक पाट आणून पायाखाली सरकवला. फळ्यावरचं उतरवताना त्याची ओळ हरवते, हे बाईंनी आधीच हेरलं होतं. त्यांनी त्याला पुढे घेतलं. अक्षर काही लगेच सुधारलं नाही, पण वही पूर्ण व्हायला लागली. बाईंना मी दोन वर्षांत एकदाही काही विचारलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून बाईंना शिकवायला जाऊ नकोस. ‘कुठल्या तासाला जास्त अडचण येते?’ एवढंच विचार. चाळीस मुलं, वर माहिती भरण्याची कामं. त्यांना एका वेळी एकच गोष्ट सुचव, तीही त्यांच्या तासात बसेल अशी.

मुख्याध्यापकांकडे ‘समन्वय’ वगैरे शब्द घेऊन गेलीस तर मान डोलावतील आणि विसरतील. एका मुलाच्या आधीच्या नि आताच्या वह्या टेबलावर ठेव आणि नेमकं माग: मुलं खेळाच्या तासाला असताना आठवड्यातून २० मिनिटं, तू आणि बाई. वेळापत्रकात लिहून घे, तोंडी ठरलेलं पहिल्या चाचणीतच वाहून जातं. दिव्यांग मुलाच्या गरजेनुसार सोयी करणं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे. ते माहीत असू दे, पण सुरुवात त्याने करू नकोस.

सोमवारी बाईंना विचारून परिपाठापासूनच वर्गात बस. पहिला तास काही लिहू नकोस. मुलांचे पाय बघ. मग मला कळव.

तुझी,
ताई