आठ आठवड्यांत मावेल असा प्रश्न निवडा

प्रश्न : मी पुण्यात सार्वजनिक आरोग्य विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. मे-जूनमधील आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी गडचिरोली जिल्ह्यातील एका संस्थेने मला होकार दिला आहे. तेथील आदिवासी बालकांमधील कुपोषणाचे प्रमाण मोजून त्याची कारणे शोधण्याचा विचार आहे. हे जमेल का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : विषय योग्य आहे; आवाका मात्र तुमच्या मुदतीबाहेरचा आहे. कुपोषणाचे जिल्हावार प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) मिळते, आणि दोन-चार गावांतील मुलांची वजने घेऊन त्यात फारशी भर पडणार नाही. कारणे शोधायची तर निदान एक पावसाळा तेथे काढावा लागेल, कारण घरातले धान्य, हिवताप आणि रस्ते या सगळ्यांची स्थिती त्या महिन्यांत पालटते.

त्यापेक्षा सेवा कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत नाही, हे तपासा. याच जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून हे काम देशभर आशा कार्यकर्तींकडे आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्यांनी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यायच्या असतात. रस्त्यालगतच्या गावांत यांपैकी किती भेटी होतात आणि आडबाजूच्या टोल्यांवर किती, एवढ्या एका प्रश्नात आरोग्यातील विषमता पुरेशी दिसेल. नोंदवहीतल्या आकड्यांवर न थांबता आयांशी बोला. माडिया बोलणारी दुभाषी सोबत असावी. ती त्याच गावची आशा नसावी, हे ओघानेच आले.

पुण्यात बसून लक्षात न येणारी एक बाब म्हणजे मे महिन्यातला तेंदूपत्ता (विडीसाठीची पाने) तोडण्याचा हंगाम. घरातली माणसे पहाटेच जंगलात जातात आणि परतल्यावर पुडे बांधत बसतात, त्यामुळे सकाळी दहाला प्रश्नावली घेऊन निघालात तर बहुतेक दारे बंद दिसतील. मुलाखती संध्याकाळी ठेवा.

विद्यार्थ्यांच्या संशोधनालाही नैतिकता समितीची मान्यता लागते. महाविद्यालयाकडे त्यासाठीचा अर्ज आताच द्या. समितीची बैठक मे महिन्यात होईल या भरवशावर राहिलात तर अर्धी इंटर्नशिप परवानगीची वाट पाहण्यातच जाईल.