खून, हत्या की मनुष्यवध?

प्रश्न असा आलाय की कॅप्टन विल्यम किडवर १७०१ साली लंडनला चाचेगिरीचा आणि मर्डरचा खटला चालला, त्यावर मराठीत लिहायचंय तर मर्डरला काय म्हणायचं, हत्या, खून की सदोष मनुष्यवध?

आरोपाला सरळ ‘खून’ लिहा. हत्या आपल्याकडे जास्त करून जोडशब्दांत येते, ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या, आणि त्यात गुन्ह्यापेक्षा पापाचा भाव जास्त. हल्ली चॅनेलवाले ऊठसूट हत्या म्हणतात ते मला तरी हिंदीच्या नादाने वाटतं, कारण हिंदीत खून म्हटलं की आधी रक्त आठवतं. फारसीत त्याचा अर्थ रक्तच. आपण रक्त सोडून नुसता गुन्हा उचलला, वर ‘खुनशी’ पण वापरतो, जो कोणाला मारत नाही पण डूख धरून बसतो त्याला. (मुंबईत ‘गेम केला’ म्हणतात, ते इथे नको.)

आता मनुष्यवध, म्हणजे इंग्रजांचा मॅनस्लॉटर, जीव घ्यायच्या इराद्याशिवाय झालेला. तो शब्द लागणारच, कारण अख्खा वाद त्याच्यावरच झाला. ऑक्टोबर १६९७ मध्ये आपल्याकडच्या समुद्रात किडचं जहाजावरच्या गोलंदाजाशी, म्हणजे तोफेवरच्या, क्रिकेटमधल्या नाही, विल्यम मूरशी वाजलं, किड त्याला कुत्रा म्हणाला, मूरने उलट उत्तर दिलं, किडने लोखंडी पट्ट्यांची बादली उचलून त्याच्या डोक्यात घातली आणि दुसऱ्या दिवशी मूर मेला. कोर्टात किड म्हणाला की रागाच्या भरात झालं, जीव घ्यायचा इरादा नव्हता. ज्युरीने खूनच धरला. म्हणजे आरोप खुनाचा आणि किडचं म्हणणं मनुष्यवधाचं, दोन्हीकडे हत्या लिहिलंत तर भांडण कशावरून होतं तेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

‘सदोष’ मात्र काढा. तो शब्द १८६० च्या पीनल कोडचा, आणि त्यात सदोष मनुष्यवध हा मोठा प्रकार, खून त्याच्या पोटातला. इंग्रजांकडे दोन गुन्हे वेगळे. इथल्या १९५९ च्या नानावटी खटल्यावर लिहिताना बिनधास्त सदोष मनुष्यवध लिहा, तिथेही झगडा हाच होता, ज्युरीने ८ विरुद्ध १ निर्दोष ठरवलं आणि मुंबई हायकोर्टाने खून धरून जन्मठेप दिली.

चाचेगिरी बरोबर आहे. फक्त किड ज्या फ्रेंच पासांवर, म्हणजे फ्रेंचांनी जहाजाला दिलेल्या संरक्षणाच्या कागदांवर, अडून बसला होता, सुरतेकडे निघालेलं क्वेडा मर्चंट जहाज १६९८ मध्ये मलबार किनाऱ्यावर धरलं ते त्यावरच्या फ्रेंच पासमुळे कायदेशीर, कारण फ्रेंच जहाजं धरायची आपल्याला मुभा आहे, असं तो म्हणत होता आणि तेच कागद खटल्यात समोर आले नाहीत, त्याला ‘दस्तक’ म्हणा. आंग्र्यांच्या दर्यात तोच शब्द चालायचा, परवाना लिहिलंत तर आरटीओ आठवतं. आणि क्रम सांभाळा, खुनाचा खटला आधी, चाचेगिरीचे नंतर, फाशी २३ मे १७०१ ला.