रोज ध्यान केल्याने आणि वस्तू कमी केल्याने खरंच समाधान मिळतं का?

हो मिळतं, पण आधी ध्यानाला बसायला लागा, कपाट नंतर उपसा. नुसत्या वस्तू काढून टाकल्या की दोन दिवस मोकळं मोकळं वाटतं आणि मग बोट परत शॉपिंग ॲपवर जातं, कारण घ्यायची खुमखुमी तशीच असते ना. नवीन वस्तूचा आनंद विरतोच, याला मानसशास्त्रात हेडॉनिक ट्रेडमिल म्हणतात, ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये मांडलेली कल्पना आहे ही. नवा फोन आठवडाभर तळहातावरच्या फोडासारखा जपतो आणि महिन्याभराने तोच उशीखाली कुठेतरी पडलेला असतो, तसंच. ध्यानात फार काही भारी घडत नाही, श्वासाकडे बघत बसायचं, मध्येच 'ते हेडफोन घ्यायलाच हवेत' असं डोक्यात येतं, ते आलं हे बघायचं, परत श्वासावर यायचं, आणि काही न करताही ती इच्छा ओसरते हे चार-पाचदा स्वतः पाहिलं की पकड सैल होते. रोज १० मिनिटं पुरे, सुरुवातीला कंटाळा येणारच. मग कपाट:

- वर्षभर हात न लावलेलं आधी काढा
- फक्त स्वतःचं काढा, घरच्यांच्या वस्तूंना हात लावू नका (भांडणं इथेच होतात)

एकच लक्षात ठेवा, २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात ध्यानाने चिंता आणि नैराश्य थोडंफार कमी होतं असं दिसलं पण औषधं किंवा व्यायामापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, त्यामुळे उपचार चालू असतील तर ते सोडून ध्यान नको.