भुई हादरते तेव्हा देव कुठं असतो?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी वसमत तालुक्यातली. आमच्याकडं जमिनीतून गूढ आवाज येतात हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल, १० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमाराला भूकंपाचा ४.५ चा धक्का बसला तेव्हापासून तर माझी झोपच उडालीय. जरा गुडगुडलं की लेकराला उचलून अंगणात पळते, बायबलातलं २३ वं स्तोत्र म्हणते, पण पाय लटलट कापतात आणि देव जवळ आहे असं काहीच जाणवत नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणल्या, भीती वाटते म्हणजे विश्वास कच्चा. खरंय का?

उत्तर : ताई, अंगणात पळता ते बरोबरच करता, फक्त भिंतीपासून लांब थांबत जा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडं दगडमातीच्या जाड भिंतींखालीच तर किती माणसं गेली.

त्या बाईंना बायबलातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचायला सांगा. एलीया केवढा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला बघितलेला माणूस, पण ईजबेल राणीची धमकी आली की जीव घेऊन पळाला आणि रानात एका झुडपाखाली ‘देवा, आता पुरे’ म्हणून आडवा झाला. देव रागावला का? नाही. दूतानं उठवलं, उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, पुन्हा झोपला! पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. पुढं होरेब डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी, आणि भूकंपात परमेश्वर नव्हता असं स्पष्टच लिहिलंय, नंतर देवाची ती मंद वाणी. आम्ही पाळक लोक वाणीवर तासभर बोलतो अन् भाकर सोडून देतो, मीही सोडलीय.

१९९३ ला मी औश्याकडं बारा वर्षांचा होतो. कितीतरी रात्री ताडपत्रीखाली काढल्या. शेजारच्या चाची रोज अंधार पडायच्या आत ज्वारीच्या भाकरी अन् पिठलं आणून द्यायच्या, त्यांचं स्वतःचं घर तडकलेलं तरी. खरं सांगतो, तेव्हा मला देव-बिव काही जाणवला नाही, भाकरी जाणवली, गरम होती. ती कुणी पाठवली हे कळायला मला लई वर्षं लागली.

आणि तुमचं स्तोत्र, ते जरा हळू म्हणून बघा. पहिल्या तीन वचनांत ‘तो’ आहे, तो मला बसवतो, तो मला नेतो. चौथ्यात मृत्युछायेचं खोरं आलं की एकदम ‘तू’ होतं, ‘तू माझ्याबरोबर आहेस’. पाय कापत असतील तर सुरुवात चौथ्यापासूनच करा, चालतंय.

अंगणात तुमच्या शेजारी त्या वेळी कोण कोण येऊन उभं राहतं, ते तुम्ही लिहिलं नाही. पुढच्या पत्रात लिहा. आणि लेकरू रात्री पाणी मागतं ना, चंबू भरून उशाला ठेवत जा, सोबत टॉर्चपण.