डिस्क रिपेअर झाल्यापासून लॅपटॉपवर डेस्कटॉप नीट येत नाही. फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट मारू नका. निदान एवढ्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप चालू होतानाच ड्राइव्ह तपासायला बसला, टक्के मोजत रात्र घालवली, आणि आता पासवर्ड टाकला की काळी स्क्रीन आणि बाण. एखाद्या वेळी डेस्कटॉप आलाच तर तो रिकामा. आणि ऑफिसातले सगळे म्हणतात, विंडोज नवीन टाकून मोकळा हो. हे शेवटचं वाचलं म्हणून उत्तर लिहायला बसले. आमच्या घरात या विषयावर अजून दोन पक्ष आहेत.

मी काही कॉम्प्युटरवाली नाही. बी.कॉम. झालेय. ठाणे पूर्वेला कोपरीत राहते आणि वागळे इस्टेटमधल्या लहान वर्कशॉपवाल्यांची खाती घरी बसून लिहिते. आमचे भावजी, म्हणजे धाकटे दीर, ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. त्यामुळे घरात मिक्सर बिघडला तरी शेवटचा शब्द त्यांचा.

२०२४ साली गौरीचं जेवण आणि जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायची ११ तारीख एकाच दिवशी आली. आदल्या संध्याकाळी मी एका पार्टीची विक्रीची बिलं लॅपटॉपवर घेत होते आणि लाइट गेली. बॅटरी कधीचीच मेलेली, लॅपटॉप नुसत्या वायरवर चालायचा, तो जागच्या जागी बंद पडला. लाइट आल्यावर चालू केला तर सी ड्राइव्ह तपासून दुरुस्त करतोय म्हणे. आत जुनी फिरणारी हार्डडिस्क. माझं पुरण वाटून झालं तरी अकरा टक्केच. तसाच रात्रभर ठेवला. सकाळी पासवर्ड घेतला आणि मग काळोख. मधोमध पांढरा बाण, हलवला की हलतो, बाकी काही नाही.

घर माणसांनी भरलेलं. भावजी जेवून उठले, तुपाचा हात पुसत खोलीत आले, उभ्याउभ्या बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारतो, तासाभरात नवीन करून देतो." मी म्हटलं, अहो, आत पार्टीची बिलं आहेत, आज शेवटची तारीख आहे. तर म्हणे, "बॅकअप घेत नाही का तुम्ही लोक?" सासूबाईंसमोर, जावेसमोर, "तुम्ही लोक"! टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप रोज पेनड्राइव्हवर जातो माझा, नेमाने. आदल्या संध्याकाळी आलेली बिलं त्यात कुठून असणार? त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढलासुद्धा होता. मी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हटलं, आधी दुसरी पंगत उठू दे.

पंगत उठली, सगळे हॉलमध्ये आडवे झाले, तेव्हा मी बसले. बाण हलतोय म्हणजे विंडोज जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम उठलेला नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर आला. त्यात 'रन न्यू टास्क' घेऊन एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाइप केलं, एंटर. खालची पट्टी आली, डेस्कटॉपही आला. पण वॉलपेपर विंडोजचा स्वतःचा, वर एकटा रिसायकल बिन, आणि कोपऱ्यात सूचना की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात. तुमचा रिकामा डेस्कटॉप बहुतेक हाच. अशा वेळी त्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते जातं. तुमच्या फाइली जागेवरच असतात, सी ड्राइव्हमध्ये यूजर्स आणि त्यात तुमच्या नावाचा फोल्डर. विंडोजला फक्त तुमच्या सेटिंगची फाइल वाचता आलेली नसते, म्हणून ते पाहुण्याला द्यावं तसं कोरं खातं उघडून देतं.

माझा फोल्डर होता, पण बिलांचा त्यात नव्हता. इथे भावजी जिंकले असते.

आता हे 'रिपेअर' काय करतं ते ऐका, कारण सगळी गफलत इथे आहे. आमच्या धंद्यात ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा आणि नावे यांच्या बेरजा, जुळला नाही की घाईतला माणूस फरक सस्पेन्स नावाच्या तात्पुरत्या खात्यात टाकतो आणि पुस्तक बंद करतो. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम, हेच करतो. कोणती फाइल कुठे आहे याची डिस्कवर एक वही असते, तो ती वही जुळवतो. ज्या तुकड्याचा किंवा फोल्डरचा मालक सापडत नाही तो उचलून फाउंड डॉट झिरो-झिरो-झिरो नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकतो. वही जुळली, त्याचं काम संपलं. तुमची फाइल वाचली का, विंडोजची एखादी फाइल अर्धी झाली का, हे तो बघत नाही. म्हणून तर 'दुरुस्ती' नंतर डेस्कटॉप येत नाही.

तो फोल्डर दिसायला फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू सेटिंगमध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या संरक्षित फाइली दाखवा म्हणावं लागतं. दाखवल्या. सी ड्राइव्हच्या मुळाशीच होता. आत फाइल-झिरो-झिरो असल्या नावांचे, डॉट सीएचके शेपटीचे तुकडे, त्यांचं सहसा काही होत नाही. पण शेजारी डीआयआर-झिरो-झिरो नावाचा एक फोल्डर होता. तो उघडला तर पार्टीची बिलं, माझ्याच दिलेल्या नावांनी, ओळीने. सगळी पेनड्राइव्हवर घेतली, नवऱ्याचा लॅपटॉप ओढला आणि रिटर्न त्याच रात्री भरलं. फॉरमॅट मारला असता तर हा फोल्डर गेला असता की नाही, सांगा. भावजी म्हणतात, रिकव्हरी सॉफ्टवेअरने आणलं असतं. आणलं असतं! त्याच डिस्कवर नवं विंडोज लिहिल्यावर जे खाली दबलं ते कोण आणणार?

तर तुम्ही आधी डेटा बाहेर काढा, एक्सटर्नलवर किंवा पेनड्राइव्हवर. मग डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात सी-फाइव्ह आणि सी-सिक्स या ओळी बघायच्या, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा. तिथे शून्य नसेल तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे असंच समजा. अशा डिस्कवर चेकडिस्क स्लॅश आर, म्हणजे त्याच चेकडिस्कची सखोल तपासणी, पुन्हा चालवू नका. तो डिस्कची प्रत्येक जागा वाचत बसतो आणि अखेरच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच मान टाकू शकते. रात्री त्याला काय सापडलं होतं हे बघायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ॲप्लिकेशनच्या नोंदींत विनइनिट नावाखाली अख्खा अहवाल असतो. माझ्यात बॅड सेक्टर निघाले. म्हणजे नवं विंडोज टाकलं असतं तरी ते त्याच मरत्या डिस्कवर बसलं असतं, आणि दिवाळीला पुन्हा हेच. हे मी भावजींना स्क्रीनवर दाखवलं. ते म्हणाले, "हं."

डिस्क धडधाकट असेल तरच विंडोजच्या मागे लागा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी डिझमचा रिस्टोअरहेल्थ चालवा, त्याला नेट लागतं, आणि त्यानंतर एसएफसी स्कॅननाउ. दोन्ही विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या कमांड आहेत. लोक उलट क्रमाने करतात. एसएफसी चांगल्या फाइली ज्या साठ्यातून आणतो तो साठाच डिझम दुरुस्त करतो, म्हणून तो आधी. प्रोफाइलच बिघडली असेल तर नवा यूजर बनवा आणि जुन्या फोल्डरमधून फाइली त्यात आणा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, प्रोफाइललिस्टमध्ये जाऊन डॉट बॅक शेपटीची नोंद बदलायचा उपाय खरा आहे, पण डेटा बाहेर पडल्याशिवाय तिथे हात घालू नका. मी नवा यूजर बनवला, पुढे फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली. बॅटरीही बदलली. तुमची मेलेली असेल तर ती आधी बदला, मुळात ही पाळी तिथूनच येते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. टास्क मॅनेजरच येत नसेल तर माझं वरचं अर्धं उत्तर तुमच्या कामाचं नाही. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टी चालू असलेल्या विंडोजमध्ये, जाऊन बघा. बाणसुद्धा दिसत नसेल तर दोष डिस्प्लेच्या ड्रायव्हरचाही असू शकतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की तो ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बघायला पैसे पडत नाहीत. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय डिस्क बाहेर काढू नका. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे डेटा निघाल्यावर नवीन विंडोज टाकायला माझी हरकत नाही. हे मी भावजींना अजून सांगितलेलं नाही.

दुकानात दिलात तर 'डेटा ठेवायचा आहे, फॉरमॅट करू नये' हे पावतीवर लिहून घ्या. स्टेशनजवळच्या दुकानांत काउंटरवर ऐकणारा पोरगा वेगळा आणि आत लॅपटॉप उघडणारा वेगळा असतो.