डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली आहे, पण पोटात आग पडते. दुधाबरोबर घेतली तर चालेल का?

दूध नको. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. याच कुळातल्या जुन्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकइतकं नाही, पण उतरतं कमीच. पोटात आग पडते तर पोळीभाजी खाऊन वर घ्या, चालतं.

इतकंच लिहिणार होते, पण ‘दुधाबरोबर’ वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात याच शब्दावरून २०१९ पासून वाद आहे.

त्या जुलैच्या अखेरीस बडोद्यात पाऊस कोसळला, विश्वामित्री नदी गावात शिरली, वस्तीत मगरी निघाल्या. आमच्या कारेलीबागेतल्या घरात गुडघाभर पाणी. टाचांना भेगा असताना दोन दिवस मी त्यातच उभी राहून गाळ उपसला. आठवड्याने ताप भरला, पोटऱ्या ठणकायला लागल्या. डॉक्टरांनी लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय धरून रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन १०० सकाळ-रात्र सुरू केली, आणि ते बरोबरच होतं. औषधवाल्याने पट्टीवर पेनाने खुणा करून दिल्या. त्यापलीकडे कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर आठवलं, कॅप्सूल राहिली. अंगात त्राण नव्हतं. कोपरावर रेलून, उशाशी ठेवलेल्या फुलपात्राच्या तळाला उरलेल्या घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि आडवी झाले. पहाटे जाग आली तेव्हा छातीच्या हाडामागे निखारा. आवंढा गिळवेना. ह्यांना वाटलं हार्टच. ईसीजी नीट निघाला, पण पुढचे दोन दिवस वरणाचं पाणी घेतलं तरी पाठीपर्यंत कळ जायची. शेवटी एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या मध्यावर समोरासमोर दोन व्रण. तिथल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, “कॅप्सूल किती पाण्याबरोबर घेतलीत?”

ती तिथेच चिकटून विरघळली होती. हे औषध आम्लधर्मी आहे. पोट ते सोसतं, अन्ननलिकेच्या अस्तराला सोसत नाही.

आणि आमचे मोठे भाऊजी! गणपतीत दांडिया बाजारच्या घरी सगळे जमले की दरवर्षी सांगतात, “तिला ते औषध गरम पडलं, दुधाबरोबर घ्यायला हवं होतं.” भाऊजी, गरमचा इथे काही संबंध नाही. घोटभर दूध असतं तरी ती तिथेच अडकली असती. औषध चुकलं नव्हतं, डॉक्टरही चुकले नव्हते. पाणी कमी पडलं आणि मी लगेच झोपले, एवढंच झालं. ‘गरम पडतं’ म्हणून कोर्स अर्धा सोडायचा, उरलेल्या कॅप्सूल डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या सर्दीला काढायच्या, हे आमच्याच घरात चालतं. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागू पडत नाही, कारण ती व्हायरसने होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी पट्टीवरची उभी लाल रेघ काय उगाच असते?

तेव्हा उभं राहून किंवा ताठ बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. निदान अर्धा तास पाठ टेकायची नाही. रात्रीची कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्या, झोपताना नको. मी अजून साधी तापाची गोळीसुद्धा ओट्यापाशी उभी राहूनच घेते.

जळजळ होते म्हणून वरून अँटासिड पिऊ नका, त्यानेही औषध अडतं. लोह, कॅल्शियम, झिंकच्या गोळ्यांचंही तेच, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. हे औषध चालू असताना उन्हात कातडी लवकर भाजते, ओढणी घ्या.

मी डॉक्टर नाही. तुम्ही गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा औषध लहान मुलासाठी असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा, कारण मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. आणि गिळताना छातीत दुखायला लागलं तर पुढची कॅप्सूल घेण्याआधी त्यांना फोन करा. माझं औषध त्यांनी त्याच दिवशी बदललं. आठवड्याभराने मऊ वरणभात पहिल्यांदा कळ न येता खाली उतरला.